निवडलेला कांदा आणि जुनी गाणी

पिंपळवंडीत यंदा यात्रेच्या बैठकीत गावातल्या एका पोरानं दहा मिनिटं मागितली. कांदा काढणाऱ्या बायकांवर त्यानं गाणं रचलं होतं, चालही स्वतःच बांधली होती. उत्तर मिळालं, "त्यापेक्षा जुनं काहीतरी म्हण. हल्लीची गाणी म्हणजे नुसता धिंगाणा." गाणं कुणी ऐकलंच नाही. ऐकून नाकारलं असतं, तर माझी तक्रार नव्हती.

आमच्याकडे उन्हाळी कांदा बराखीत भरतात. दिवाळीपर्यंत सडका, कोंब आलेला कांदा निवडून टाकला जातो आणि उरतो तो टणक माल. त्या मालाची तुलना शेतातून आजच काढलेल्या सगळ्या ढिगाशी कुठला शेतकरी करेल? गाण्यांच्या बाबतीत मात्र आपण बिनदिक्कत तेच करतो. १९७२च्या 'पिंजरा'तली राम कदमांची गाणी आठवतात. त्याच सुमाराला आलेली आणि विसरली गेलेली ढिगभर गाणी कुणाला आठवतात?

आणि त्या 'सुवर्णकाळा'त तरी वडीलधारे खूश होते का? १९५२ साली नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण केसकर मराठीच. चित्रपटगीतं त्यांना हलकी वाटत. त्यांच्या काळात ती आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. शेवटी १९५७ साली सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. आज ज्या गाण्यांवर डोळे पाणावतात, ती तेव्हाचा धिंगाणाच होती.

माझी पिढीही कमी नाही. 'जत्रा' सिनेमातलं कोंबडीचं गाणं आलं २००६ साली. तेव्हा आम्ही शाळेत होतो आणि ते म्हटलं की मोठी माणसं डोळे वटारायची. आता माझेच मित्र म्हणतात, "गाणी असावीत तर तशी!" चव सुधारली नाही, आमचं वय वाढलं.

आजचं सगळं चांगलं आहे, असं मी म्हणत नाही. यात्रेत डीजेच्या भिंतीपुढे छाती धडधडते ती संगीतानं नव्हे. पंधरा सेकंदांच्या रीलसाठी कापलेल्या गाण्यात कडव्याला जागाच उरत नाही. त्यावर जरूर बोला, पण गाणं ऐकून बोला. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. जे जास्त ऐकलं जातं, तेच ॲप पुन्हा पुढे करतं. आपण जुनंच लावतो, ॲप जुनंच दाखवतं आणि आपण म्हणतो, "बघा, नवीन काही चांगलं येतच नाही."

याची किंमत कोण मोजतं, हे जुन्नर तालुक्याला कळायला हवं. शेजारच्या नारायणगावच्या विठाबाईंना दोनदा राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, तरी त्यांची अखेरची वर्षं हलाखीत गेली. २००२ साली त्या गेल्या आणि २००६ साली त्यांच्या नावानं राज्य सरकारचा जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला. गाणारा जिवंत असताना तोंड फिरवायचं आणि तो गेला की गळा काढायचा, याला रसिकता म्हणत नाहीत.

जुनी गाणी मलाही आवडतात. पण तीही एकेकाळी नवी होती आणि कुणीतरी त्यांना दहा मिनिटं दिली होती. पुढच्या यात्रेत ऑर्केस्ट्राची सुपारी खुशाल द्या. त्याआधी त्या पोराला माईक द्या. गाणं पडलं तर पडलं. निवड बराखीत होते, पण त्यासाठी कांदा आधी बराखीत तरी जायला हवा.