चाकांवरचे घर : हौस आणि हिशेब

माणसाला घर हवे असते आणि घराबाहेर पडायचेही असते. या दोन्ही इच्छा एकदमच पुऱ्या करण्याचा खटाटोप अमेरिकेत मोटारहोम नावाच्या वाहनाने केला आहे. एंजिन, पलंग, चूल, न्हाणीघर, सारे एकाच सांगाड्यावर! आयोवा राज्यातल्या विनीबेगो कंपनीने आपले पहिले मोटारहोम १९६६ साली बाहेर काढले आणि पुढे त्या कंपनीचे नाव म्हणजेच असे वाहन, असे समीकरण तिकडे होऊन बसले.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने या यंत्रावर का लिहावे, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, प्रश्न यंत्राचा नसून ऐपतीचा आहे. जॉन स्टाइनबेक १९६० मध्ये आपला देश पाहायला निघाला, तेव्हा त्याने नवा ट्रक घेतला, त्यावर राहण्याची खोली मुद्दाम बनवून घेतली आणि त्याला डॉन किहोतेच्या घोड्याचे नाव दिले. कीर्तिवंत लेखकाला ते साधले. ओहायोतल्या एका कारखान्यात यंत्रावर उभे राहून निवृत्त झालेल्या माझ्या मामांना ते साधणारे नाही. त्यांच्यापाशी या हौसेसाठी २५,००० डॉलर आहेत, आणि ते गेले तर पुन्हा मिळवण्याचे वय राहिलेले नाही.

जुनी वस्तू घेणे म्हणजे दुसऱ्याचे दुखणे विकत घेणे, असे आपल्याकडे म्हणतात. मला हे मत मान्य नाही. नव्या गाडीची किंमत ती दुकानाबाहेर पडताच उतरू लागते. तो तोटा पहिल्या मालकाने सोसलेला असतो. शिवाय २०२१ साली, साथीच्या दिवसांत, अमेरिकेत ओढायची आणि स्वतः चालणारी मिळून अशी सहा लाखांहून अधिक नवी घरे कारखान्यांतून बाहेर पडली. घेणाऱ्या सगळ्यांचीच हौस टिकली असेल असे नाही. मात्र दुखणे कोठे दडते, हे घेणाऱ्याला ठाऊक हवे.

बहुतेक जण आधी एंजिन पाहतात. माझ्या मते आधी छप्पर पाहावे. एंजिन बिघडले तर मिस्त्री मिळतो. पण छताच्या सांध्यातून वर्षानुवर्षे झिरपलेले पाणी आतले लाकूड कुजवते, बाहेरचा पत्रा फुगतो, आणि ती दुरुस्ती गाडीच्या किमतीला जाऊन भिडते. मामांनी एक गाडी मला फोनवरून दाखवली. किंमत १९,००० डॉलर, एंजिनाचा आवाज असा की मामांसारखा जाणकारही खूश! मग ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पलंगाशी, कोपऱ्यात, त्यांनी अंगठा दाबला. भिंत भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी आत गेली. छताला रंग मात्र ताजा होता. मामा मालकाला नमस्कार करून परतले. आत शिरताच अत्तराचा घमघमाट आला किंवा एखाद्याच कोपऱ्याला नवा रंग दिसला, तर सावध व्हावे.

दुसरी फसगत कमी चाललेल्या गाडीची. ‘फार चाललीच नाही हो’ हे वाक्य कानाला गोड लागते. पण उभ्या गाडीचे रबर सुकते, टाकीतले पेट्रोल शिळे होते. टायरची नक्षी शाबूत असली तरी टायर म्हातारा असू शकतो. त्याच्या अंगावर चार आकडे असतात : २३१७ म्हणजे २०१७ सालातला तेविसावा आठवडा. तसेच एंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे, आणि फ्रिज आदल्या रात्रीपासून चालू ठेवायला सांगावे. तो गार व्हायला तास न् तास लागतात.

किंमत दिली की खर्च संपला, असेही नाही. असे धूड लिटरला जेमतेम चार किलोमीटर जाते. विमा आहे, तळावर मुक्कामाचे भाडे आहे, आणि कित्येक वसाहतींत ते दारासमोर उभे करू देत नाहीत, म्हणून जागेचेही भाडे आहे. म्हणून २५,००० जवळ असतील तर २०,००० चीच गाडी पाहावी, असे माझे मत आहे. उरलेले पाच हजार पहिल्या वर्षीच कामी येतील.

आता खरा मुद्दा. मामी म्हणतात, “डोंबिवलीत दहा बाय दहाच्या खोलीत संसार मांडला, आता म्हातारपणी पुन्हा तेवढ्याच खोलीत, तीही हलणाऱ्या?” या प्रश्नाला मामांपाशी उत्तर नाही. जेसिका ब्रूडर यांच्या ‘नोमॅडलँड’ या २०१७ च्या पुस्तकात घरभाडे परवडत नाही म्हणून गाडीत राहणारी वयस्क माणसे भेटतात. त्यावरच्या चित्रपटाला २०२१ मध्ये ऑस्करही मिळाले. त्या माणसांना चाकांवरचे घर ही हौस नव्हे, नाइलाज आहे. आपण जिला स्वातंत्र्य म्हणतो ती वस्तू दुसऱ्याची अडचण असू शकते, आणि कधी कधी ते दुसरे माणूस आपल्याच घरात असते.

तेव्हा मामांना माझे सांगणे एवढेच : आधी आठवडाभर अशी गाडी भाड्याने घ्या, मामींना घेऊन हिंडा, एक पावसाळी रात्रही तीत काढा. त्यानंतर मामी हो म्हणाल्या, तर जुनी गाडी खुशाल घ्या. नाही म्हणाल्या, तर घेऊ नका. ज्या घरात एकाला मन मारून राहावे लागते, ते कितीही स्वस्तात मिळाले तरी महागच पडते.

— तृतीय वर्ष, कला