शिरोरेघेपुरता वेळ

मोबाइलवर मराठी टाइप करताना शिरोरेघ आपसूक येते. वहीत ती ओढावी लागते. शब्द पुरा झाला की हात मागे पहिल्या अक्षरापाशी जातो आणि रेघ ओढत परत येतो. काहीजण तर अख्खी ओळ लिहून मगच रेघ मारतात. तेवढ्यात आपण काय लिहिलं, त्यावरून पुन्हा नजर फिरते. डोकं तापलेलं असताना ही उसंत मला लाखमोलाची वाटते.

समर्थांनी दासबोधाच्या 19व्या दशकातला पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षराचं वळण, ओळींमधलं अंतर, शाई, कागद, सगळं त्यात येतं. तरुणपणी फार बारीक अक्षर काढू नका, म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही, असंही ते बजावतात. आपण लिहिलेलं पुढे आपल्यालाच वाचायचं आहे, हे केवढ्या मायेनं सांगितलंय!

नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या संशोधकांनी 36 विद्यार्थ्यांच्या मेंदूतल्या विद्युत लहरी तपासल्या. 2024 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की हाताने लिहिताना मेंदूच्या निरनिराळ्या भागांत जेवढी देवाणघेवाण होते, तेवढी टायपिंग करताना होत नाही. साहजिकच आहे. कुठलंही अक्षर असो, कळ दाबायची तऱ्हा एकच. ‘र’ आणि ‘क्ष’ यांसाठी हाताला मात्र वेगवेगळी वळणं घ्यावी लागतात.

पण मला जास्त मोलाचं वाटतं ते मनाचं. जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1986 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज 15 मिनिटं, मनाला लागलेल्या घटनांबद्दल लिहायला सांगितलं. घटना आणि तिच्याबद्दलच्या भावना, दोन्ही लिहिणाऱ्यांना पुढच्या काही महिन्यांत डॉक्टरकडे कमी वेळा जावं लागलं. हाताने लिहिणं विरुद्ध टायपिंग अशी ती तुलना नव्हती, हे खरं. तरी दुखरं लिहायचं तर कागदच बरा, असं माझं ठाम मत आहे. तिथे ‘पाठवा’चं बटण नसतं, समोरच्याचं उत्तर लगेच येऊन आदळत नाही, आणि खोडलेलं वाक्यही खोडलेलं म्हणून दिसत राहतं.

पेनेबेकरांना पुढे आणखी एक गोष्ट आढळली. दिवसागणिक ज्यांच्या लिखाणात ‘कारण’, ‘आता लक्षात येतंय’ अशा अर्थाचे शब्द वाढत गेले, त्यांना सगळ्यांत जास्त फायदा झाला. म्हणून पहिल्या दिवशी पानभर नुसता संताप उतरला, तरी वही मिटून टाकू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहायला बसा.