कायद्यानें दार उघडलें, पण ओसरीवर बसूं कोण देणार?

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, आज आपल्या घरांतून पोरें कॉलेजांत जातात. आजच्या जळगांव, धुळें व नंदुरबार या जिल्ह्यांच्या मुलखासाठीं १५ ऑगस्ट १९९० रोजीं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघालें आणि २०१८ सालीं त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचें नांव मिळालें. शाळेची पायरी न चढलेल्या असोद्याच्या शेतकरी लेकीचें नांव विद्यापीठास लागावें, ही खानदेशास भूषणाची गोष्ट आहे. परंतु ज्या पोराला आपण वळकटी देऊन वसतिगृहावर पोंचवितों, तें तेथें चार पोरांत कसें राहतें, हें विचारण्याची आपल्याला सवय नाहीं. त्यांतल्या एका प्रकारच्या पोरांविषयीं तर आपण तोंडच उघडीत नाहीं. आज त्यांच्याविषयींच स्पष्ट लिहावयाचें आम्हीं ठरविलें आहे.

कांहीं मुलांचें मन मुलीकडे न जातां मुलाकडेच जातें, कांहीं मुलींचें मुलीकडे. त्यांना समलिंगी म्हणतात. कांहीं जीव जन्मतः मुलगा म्हणून नोंदले जातात, पण आंतून ते स्वतःस बाईच जाणतात. कांहींचें याच्या उलट असतें. त्यांना पारलिंगी म्हणतात. आपल्याकडे तृतीयपंथी हाच शब्द अधिक चालतो. “हीं शहरांतलीं थेरें आहेत” असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना आमचा सवाल असा कीं, पोथी ऐकतांना शिखंडी आणि बृहन्नडा यांच्या कथांना माना डोलावणारे तुम्हीच ना? पोथींत आला तर मान आणि पोटीं आला तर दगड, हा कोणता न्याय? बरें, हा रोग म्हणावा, तर जागतिक आरोग्य संघटनेनें १९९० सालींच समलिंगी ओढ रोगांच्या यादींतून काढून टाकली. असलें मन “पालटून देण्याचे” उपचार करणें हें डॉक्टरांचें गैरवर्तन होय, असें राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानें २०२२ सालीं राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळविलें. तेव्हां कपाशीचा घामाचा पैसा भगताच्या अंगाऱ्यावर आणि असल्या उपचारांवर उधळूं नका.

कायदाहि आतां पूर्वीचा राहिला नाहीं. इंग्रजांनीं १८६० सालीं केलेल्या दंडसंहितेंतील ३७७ वें कलम सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या संबंधांस लागू होत नाहीं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें ६ सप्टेंबर २०१८ रोजीं दिला. त्यापूर्वीं १५ एप्रिल २०१४ रोजीं त्याच न्यायालयानें तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली आणि त्यांस मागासवर्गीय समजून शिक्षणांत व नोकरींत राखीव जागा द्याव्या असें सांगितलें. २०१६ सालीं विद्यापीठ अनुदान आयोगानें रॅगिंगच्या नियमांत दुरुस्ती केली आणि जात, धर्म, प्रदेश यांच्याबरोबर तृतीयपंथी असणें व लैंगिक ओढ यांवरून छळणें किंवा वाळींत टाकणें हेंहि रॅगिंगच ठरविलें.

कागद चोख आहे. पण कागदानें माणसास सोबत मिळत नाहीं. रात्रीं दहा वाजतां खोलींत चेष्टा सुरू झाली, मेसमध्यें ताट घेऊन बसतांच शेजारचे उठून गेले, म्हणजे त्या पोरानें कोणता निकाल काढून दाखवावा? ज्याच्या बापाची बागाईत मोठी, तो पुण्यास निराळी खोली घेईल. सालदाराच्या, सुताराच्या, विणकराच्या पोराला तीच खोली आणि तींच तीन पोरें. तें मुकाट्यानें सोसतें, नाहीं तर शिक्षण सोडून परत येतें; आणि आपण म्हणतों, “पोराचें अभ्यासांत लक्ष नव्हतें.”

आपल्या वाडवडिलांना ही गोष्ट नवी नव्हती. शाळेचें दार सर्वांस उघडें, असें सरकारी कागद त्यांनाहि सांगत होता. पण खेड्यांतल्या पोरानें शहरांत राहावें कोठें आणि जेवावें कोणाच्या पंक्तीस? शाहू महाराजांनीं हें ओळखून १९०१ सालीं कोल्हापुरांत मराठा बोर्डिंग काढलें आणि पुढें जातीजातींचीं वसतिगृहें उभीं केलीं. भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं साताऱ्यास बोर्डिंग काढून सर्व जातींचीं पोरें एका पंक्तीस बसविलीं. दाखल्याइतकीच सोबतीची गरज असते, हा धडा आपण त्यांच्याकडून शिकलों. तोच धडा या पोरांस लागू करा, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

हें कोठें झालेंच नाहीं असें नाहीं. पवईच्या आय. आय. टी.मध्यें अशा विद्यार्थ्यांचें “साथी” नांवाचें मंडळ २०११ पासून उभें राहिलें. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनें २०१८ सालीं स्त्री-पुरुष असा भेद न करणारें वसतिगृह दिलें. कोणी म्हणेल, तीं मुंबईचीं माणसें, आमच्या खानदेशाला हें पचणार नाहीं. त्यांनीं जळगांव तालुक्यांतील भादली बुद्रुक पाहावें. तेथें अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवारानें ग्रामपंचायतीस बाईच्या राखीव जागेवर अर्ज भरला. अधिकाऱ्यानें तो फेटाळला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें २ जानेवारी २०२१ रोजीं अर्ज घेण्याचा हुकूम दिला आणि त्याच महिन्यांत गांवानें त्यांना निवडून दिलें. ज्या तालुक्यांतील शेतकरी मतपेटीजवळ शहाणा ठरतो, त्या तालुक्यांतल्या पदवीधरानें मागें राहावें काय?

म्हणून जळगांव-धुळ्याच्या कॉलेजांतील विद्यार्थ्यांस व गुरुजनांस आमची सूचना आहे. यास मोठा पैसा लागत नाहीं. पांच-सात विश्वासू पोरांनीं मंडळ करावें. ज्यांची ओढ वेगळी नाहीं, पण मन साफ आहे, अशांनींहि त्यांत यावें. म्हणजे तेथें जाणारा प्रत्येकजण ओळखूं येणार नाहीं. एका प्राध्यापकानें व एका बाईंनीं पाठीशीं उभें राहावें आणि ऐकलेलें पोटांत ठेवावें; कोणाचेंहि गुपित त्याच्या संमतीवांचून घरीं कळवूं नये. खोली बदलून हवी असल्यास कारणाची चौकशी न करतां द्यावी. रॅगिंगविरोधी फलकावर २०१६ ची ती दुरुस्ती मराठींत, ठळक अक्षरांत लिहावी. आणि चेष्टा सुरू झाली कीं एकानें तरी उठून “बस्स” म्हणावें. पहिलें मंडळ तेंच.

आतां आईबापांस दोन शब्द. पोरानें मन मोकळें केलें कीं आपला पहिला उपाय ठरलेला: लग्न लावून द्या, सगळें सुरळीत होईल. कांहीं सुरळीत होत नाहीं. ज्या शेतकऱ्याची लेक तुम्ही सून म्हणून आणतां, तिचा जन्म मातींत जातो, पोराचाहि जातो, आणि कर्ज काढून लग्न लावणारे दोन बाप खड्ड्यांत जातात. आपल्या अब्रूसाठीं दुसऱ्याच्या लेकीचा बळी देणें यास आम्ही फसवणूकच म्हणतों. मुलगी जर “मला लग्न नको” म्हणाली, तर तिचें शिक्षण तोडूं नका. तिच्या हातीं पदवी आणि कमाई असूं द्या. लोक काय म्हणतील? लोक चार दिवस बोलतील आणि पेरणी आली कीं आपापल्या शेतांत जातील. पोर मात्र एकदां गेलें तर परत येत नाहीं.

तेव्हां या सुटींत पोर घरीं आलें म्हणजे मार्कांबरोबर एवढेंहि विचारा, “तेथें तुझ्या पंक्तीस कोणी बसतें ना?” उत्तर काय येईल तें येवो, तें ऐकून घेण्याइतकें काळीज मोठें ठेवा.