तो धारदार चौकोन इतिहासात नव्हताच

१/ ‘रेट्रो’ या नावाने आज जे पिक्सेल फाँट विकले जातात, त्यांतले काटेरी कडांचे चौकोन पाहून ‘जुन्या खेळांची अक्षरे अशीच ओबडधोबड असत’ असा समज रूढ झाला आहे. मित्रहो, हा समज खोटा आहे. इतिहासाची आवड सांगणाऱ्यांनी तरी तो पुढे चालवू नये.

२/ तोशी ओमागारी यांनी आर्केड खेळांच्या अक्षरांवर २०१९ साली ग्रंथ लिहिला. त्यांच्या शोधानुसार या कुळाचा मूळपुरुष म्हणजे १९७६ च्या ‘क्विझ शो’ या खेळातील, अटारीचे लायल रेन्स यांनी आखलेली अक्षरे. जपानच्या नाम्को कंपनीने तीच वळणे उचलली आणि १९८० च्या ‘पॅक-मॅन’बरोबर ती जगभर पोचली.

३/ आठ बाय आठची चौकट, म्हणजे ६४ ठिपके. शेजारच्या अक्षराला चिकटू नये म्हणून त्यातला एक स्तंभ आणि एक ओळ बहुधा कोरी. असे एक अक्षर ८ बाइटांत मावे, आणि स्मृती महाग असल्यामुळे तेवढेच परवडे.

४/ आता कमोडोर ६४ (१९८२) ची अक्षरे नीट निरखा. उभ्या रेघा दोन ठिपके जाड, आडव्या मात्र एकच. हा अडाणीपणा नव्हे. हे यंत्र घरच्या टीव्हीला जोडायचे. टीव्हीत इलेक्ट्रॉनांचा झोत डावीकडून उजवीकडे धावतो. एका ठिपक्यापुरता तो चेतवून लगेच विझवण्याइतकी चपळाई त्या संकेतात नसे, आणि बारीक उभी रेघ फिकी पडे किंवा तिच्यावर भलताच रंग चढे. आडवी रेघ झोत सलग ओढत जाई. म्हणून उभीला दुप्पट जाडी.

५/ शिवाय सीआरटी पडद्यावर ठिपका चौकोनी उमटतच नसे. त्याचा उजेड कडेला विरघळे, आणि रचनाकार त्या विरघळण्यासकट अक्षर आखत असे. आज आपण ती आखणी तेवढी उचलतो, उजेड टाकून देतो आणि उरलेल्या सांगाड्याला ‘अस्सल’ म्हणतो!

६/ कोणी १९८४ च्या मॅकिंटॉशचा दाखला देईल. त्याचा कृष्णधवल पडदा रेखीव होता, हे खरे. पण सुझन केअर यांच्या ‘शिकागो’ टंकात प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी आहे. ओबडधोबडपणा तिथेही सापडत नाही.

७/ सर्वांत खटकते ती देवनागरीची ओढाताण. आपल्या लिपीला पडद्यावरचा स्वतःचा इतिहास आहे: आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेले ‘जिस्ट’चे काम. त्याची आठवण कोणी काढत नाही. नक्कल करायची ती नाम्कोची. ठीक आहे. ज्यांना हौस आहे त्यांनी ‘तुर्की’ हा एकच शब्द, रफार, वेलांटी आणि उकारासह, आठ ओळींत वाचता येईल असा बसवून इथे खाली टाकावा.