विद्यार्थ्यांच्या मनाचा वाली कोण?

विद्यार्थ्याला शिकवावे, त्याची परीक्षा घ्यावी आणि त्याच्या हाती पदवी द्यावी, एवढ्यानेच विद्यापीठाचे कर्तव्य संपते, अशी आपल्याकडील रूढ समजूत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २५ जुलै २०२५ च्या निकालाने या समजुतीला जबर धक्का दिला. मानसिक स्वास्थ्य हे घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचेच अंग होय, असे सांगून न्यायालयाने शिक्षणसंस्थांना पंधरा निर्देश घालून दिले. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता नेमावा. गुणांच्या आधारे मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत. चारचौघांत त्यांचा पाणउतारा करू नये, हे त्यांपैकी काही. निर्देशांचे आम्ही स्वागतच करतो. परंतु जे शिक्षकाच्या कर्तव्यबुद्धीने व्हावयास हवे होते, त्यासाठी न्यायासनाला लेखणी उचलावी लागावी, हे शिक्षणक्षेत्राला भूषणावह नव्हे.

२०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले. त्यांतील २,२४८ मृत्यू परीक्षेतील अपयशामुळे झाले, अशी नोंद या निकालात आहे. या संख्येत महाराष्ट्र देशात पहिला होता आणि मध्य प्रदेश तिसरा. हे आकडे एक गोष्ट स्पष्ट सांगतात. नापास झालेल्या मुलाची समजूत घातली की काम भागले, असे नाही. बहुतेकांची व्यथा गुणपत्रिकेत उमटतच नाही.

या दृष्टीने इंदूर शहराकडे पाहणे उद्बोधक ठरेल. मराठी माणसाला हे शहर परके नाही. होळकर महाविद्यालय तेथे १८९१ पासून उभे आहे. विद्यापीठ १९६४ साली निघाले आणि पुढे त्याला देवी अहिल्येचे नाव मिळाले. आयआयएम व आयआयटी या दोन्ही अखिल भारतीय संस्था तेथे आहेत. आयआयएमच्या पंचवार्षिक अभ्यासक्रमाला तर बारावी होताच मुले प्रवेश घेतात. विद्यापीठाच्या तक्षशिला परिसरानजीकच्या भंवरकुआ भागात स्पर्धा-परीक्षांच्या शिकवण्यांची दाटी आहे. निमाडातून, धार-झाबुआकडून आलेला मुलगा भाड्याच्या खोलीत राहतो. घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन पाठविलेल्या पैशांचे ओझे त्याच्या मनावर असते. तो अडखळला, तर त्याने कोणाचे दार ठोठवावे?

याच शहरातील एक प्रसंग अद्याप विस्मरणात गेलेला नाही. ४ मे २०२५ रोजी वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा चालू असता वादळी पावसाने काही केंद्रांवरील वीज गेली आणि परीक्षार्थींना अपुऱ्या उजेडात उत्तरे लिहावी लागल्याची तक्रार झाली. गाऱ्हाणे उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे गेले. एकसदस्य पीठाने ३० जून रोजी अर्जदारांची फेरपरीक्षा घेण्यास सांगितले. जुलैमध्ये द्विसदस्य पीठाने तो आदेश रद्द केला. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण कोणत्याही बाजूने लागो, सतरा-अठरा वर्षांच्या मुलांचे जे दोन महिने टांगणीला लागले ते परत कोण देणार? ती परीक्षा विद्यापीठाची नव्हती, हे खरे. परंतु विद्यार्थ्याची अडचण जेथल्या तेथे ऐकून घेणारे कोणी नसले, म्हणजे तिचा खटला होतो, हा धडा विद्यापीठांनीही घेण्याजोगा आहे.

नियमांचा तुटवडा मुळीच नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ साली विद्यार्थी सेवा केंद्रे उघडण्यास सांगितले आहे. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माजी न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमले आहे. १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’ची विनामूल्य सेवा रात्रंदिवस उपलब्ध आहे, तो क्रमांक प्रत्येक वसतिगृहात ठळकपणे लागलाच पाहिजे. मात्र फलक लावला, खोली उघडली आणि दारावर समुपदेशकाची पाटी ठोकली, एवढ्यावर संस्थांनी समाधान मानू नये. जो मनाने खचला आहे, तो पाटी वाचून आपण होऊन आत येईलच, हा भरवसा धरता येत नाही. त्याच्यापर्यंत संस्थेनेच गेले पाहिजे.

आणि ते अशक्य नाही. मुलगा तीन आठवडे वर्गात नाही, हे हजेरीपट सांगतो. दोन सत्रांत त्याचे विषय राहिले, हे परीक्षा विभागाला ठाऊक असते. शुल्क थकल्याचे लेखा विभाग जाणतो आणि जेवण सुटल्याचे खाणावळीत कळते. हे सारे कागद निरनिराळ्या टेबलांवर पडून राहतात आणि त्यांतून निघते ती फक्त दंडाची नोटीस! त्या नोटिशीआधी एखाद्या प्राध्यापकाने मुलाला बोलावून ‘काय रे, बरा आहेस ना?’ एवढे विचारावे, अशी पद्धत पडली, तर कितीतरी घरे सावरतील. समुपदेशकापाशी बोललेला शब्द प्राचार्यांच्या फायलीत जाणार नाही, याची हमीही हवी. निकाल वेळेवर लावणे, पुनर्मूल्यांकन न रखडविणे, फेरपरीक्षेची संधी लवकर देणे, हेदेखील मानसिक आधाराचेच काम आहे.

इंदूर दूर आहे, असे म्हणून आम्हां गोमंतकीयांना हात झटकता येणार नाहीत. झुआरीनगरच्या बिट्स पिलानी संकुलात डिसेंबर २०२४ ते सप्टेंबर २०२५ या काळात पाच विद्यार्थी मृत्यू पावले आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. प्रत्येक मृत्यूचे कारण एकच होते, असे आम्ही म्हणत नाही. पण घर जळू लागल्यावर विहीर खणावयास घेण्याची आपली सवय येथेही दिसली. गोवा विद्यापीठाने व सर्व महाविद्यालयांनी समुपदेशक नेमले काय, ते पूर्णवेळ आहेत काय आणि किती विद्यार्थ्यांमागे एक आहे, याचा तपशील जाहीर करावा, अशी आमची मागणी आहे.

महेश्वरी बसून रयतेचे गाऱ्हाणे दररोज स्वतः ऐकून घेणारी राज्यकर्ती म्हणून अहिल्याबाईंची कीर्ती आहे. त्यांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाने तो पायंडा आपल्या विद्यार्थ्यांपुरता गिरवावा आणि इतरांनी त्याचे अनुकरण करावे. मुलगा शिकावा म्हणून आईबाप त्याला विद्यापीठाच्या स्वाधीन करतात. तो सुखरूप परत यावा, ही अपेक्षा त्यांना अर्जात लिहून द्यावी लागू नये.