हातगुणाचें थोतांड

ज्या गोष्टीचें कारण शोधण्याचा कंटाळा येतो, तिला एखादें भारदस्त नांव देऊन मोकळें व्हावें, ही आपल्या समाजाची जुनी खोड आहे. रोप रुजलें तर लावणाऱ्याचा हातगुण, ताप उतरला तर वैद्याचा हातगुण! आतां हा शब्द विजेच्या वाद्यांपर्यंत येऊन पोंचला आहे. इलेक्ट्रिक गिटार वाजविणारे आमचे तरुण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरींच पेडल बांधतात. पेडल म्हणजे गिटार आणि अँप्लिफायर यांच्या मधोमध जमिनीवर ठेवलेली, पायानें चालू-बंद करावयाची लहानशी डबी. तिच्यांतून जातांना गिटारचा स्वच्छ सूर मुद्दाम खरखरीत केला जातो. एकाच आकृतीवरून दोघांनीं अशा डब्या बांधल्या, आणि एकीचा आवाज भरदार व दुसरीचा चिरका निघाला, कीं मंडळी निकाल देऊन टाकतात: "त्याच्या हाताला गुण आहे, तुझ्या नाहीं." हा निकाल खोटा आहे, आणि तो निरुपद्रवीहि नाहीं.

उपद्रव कोणास होतो तें पाहा. मुंबई-पुण्याच्या मुलास विचारावयास चार जाणते भेटतात. भोकरदनसारख्या तालुक्याच्या गांवीं राहणाऱ्या मुलानें भाग पार्सलनें मागवावयाचे, सांठविलेल्या पैशांतून सोल्डरिंग गन घ्यावयाची, आणि डबी चिरकली तर एकट्यानेंच कपाळाला हात लावावयाचा. त्यास कोणी कारण सांगितलें तर तासाभरांत दोष निघेल. हातगुणाची गोष्ट सांगितली तर ती गन कायमची माळ्यावर जाईल. ज्या भोकरदनच्या भूमींतून १९७३ सालच्या उत्खननांत सातवाहनकालीन मणी व हस्तिदंती मूर्ति निघाली, त्या गांवच्या मुलास कसब हें जन्मजात देणें आहे असें शिकवावें, यासारखा दुसरा उपहास नाहीं.

आतां कारणें पाहूं. १९६६ सालीं लंडनच्या आर्बिटर कंपनीनें 'फझ फेस' नांवाचें पेडल काढलें. घरीं बांधणारांचें तें आजहि आवडतें आहे, कारण त्याच्या सर्किटांत अवघे ११ भाग: दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि फिरवावयाच्या दोन कळा. इतक्या थोडक्या संसारांत दोन भावंडें इतकीं निराळीं कां निघावीं? कारण आकृतींतील आंकडा ही अपेक्षा असते, वस्तु नव्हे. सोनेरी पट्ट्याचा रेझिस्टर शेंकडा ५ इकडे-तिकडे असूं शकतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरला शेंकडा २० ची मोकळीक सर्रास असते. पण खरा घोटाळा ट्रान्झिस्टरचा. पुढील सिलिकॉनच्या फझ फेसमध्यें वापरलेल्या बीसी १०८ या जातीची वर्धनक्षमता ११० पासून ८०० पर्यंत कितीहि असली, तरी वरची छाप तीच! छाप एक आणि वृत्ति सातपट निराळी. शिवाय अशा चिमुकल्या सर्किटांत ही तफावत सांवरून घेण्याची सोय फारच थोडी. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर ९ व्होल्टच्या बॅटरीपैकीं सुमारें निम्मा दाब, म्हणजे ४.५ व्होल्ट, मिळावा असा संकेत आहे. तो फार वर-खालीं गेला कीं ध्वनिलहरीची एक बाजू आधीं कापली जाते, आणि सूर विझतांना फुरफुरतो, गुदमरतो. त्या जागच्या ठराविक रेझिस्टरऐवजीं फिरता रेझिस्टर बसवून मीटरवर दाब जुळविला, कीं 'गुण' आपोआप उतरतो.

जुन्या जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरांभोंवतीं तर एक भक्तिसंप्रदायच उभा आहे. त्यांचा आवाज मऊ असतो, हें आम्हांस मान्य. परंतु त्यांच्या बेसला कांहींहि न देतां जो प्रवाह गळत राहतो, तो उष्णतेबरोबर वाढतो. दर १० अंशांस सुमारें दुप्पट. भोकरदनला जानेवारीच्या पहाटे १५ अंश आणि मे महिन्यांत पत्र्याखालच्या खोलींत ४५ अंश धरले, तर ही गळती आठपट झाली. तेव्हां दोन डब्या कशाला, एकाच डबीचा आवाज दोन ऋतूंत दोन तऱ्हेचा होणार. ज्याच्या हाताला जानेवारींत गुण होता, त्याचा गुण मे महिन्यांत कोठें जातो? शिवाय साध्या मीटरवर हीच गळती वर्धनक्षमतेंत मिसळून आंकडा फुगविते. ती वजा न करतां ट्रान्झिस्टर विकत घेणारा फसतो.

आणखी एक कारण डबीच्या बाहेर आहे. फझ फेस हें गिटारच्या पिकअपवर मोठा भार टाकतें. म्हणून पिकअप, जोडणीची वायर आणि गिटारवरील आवाजाची कळ हीं सर्व त्याच्या सर्किटांत सामील होतात. मध्यें दुसरें एखादें पेडल आलें तर तीच डबी कर्कश होऊं शकते. दोन घरांतील दोन डब्यांची तुलना करणारांनीं गिटार आणि जोडणी एकच ठेविली होती काय?

दुसऱ्या टोकाचे पंडितहि आमच्या रोषांतून सुटत नाहींत. "आकृति एक, तेव्हां आवाज एक, बाकी कानांचा भ्रम," असें ते म्हणतात. भ्रम होतो, हें खरें. किंचित् मोठा आवाज बहुधा अधिक चांगला वाटतो. म्हणून दोन्हींची पातळी सारखी करून, कोणती डबी चालू आहे हें ऐकणारास न सांगतां परीक्षा घ्यावी. पण परीक्षेआधींच कान खोटे ठरविणें हें विज्ञान नव्हे. तें प्रयोगवहींत पुस्तकांतलें उत्तर आधीं लिहून मग त्यास जुळतील असे आंकडे भरणाऱ्या विद्यार्थ्याचें शहाणपण आहे.

येथें कोणी मिरजेचा तंबोरा पुढें करील. एकाच कारागिरानें, एकाच मापानें केलेले दोन तंबोरे सारखे बोलत नाहींत. तेथें तरी हातगुण मानाल ना? आम्ही म्हणतों, त्या शब्दाची गरज तेथेंच सर्वांत कमी आहे. प्रत्येक भोपळा निराळा, हें मिरजेचा कारागीर जाणतो. म्हणून तो घोडीचा माथा जरा जरा घांसतो, तारेखालचा दोरा सरकवितो, ऐकतो, पुन्हा घांसतो, आणि जवारी खुलेपर्यंत उठत नाहीं. त्या वक्र घोडीचें महत्त्व चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२१ सालीं शास्त्रीय निबंधांत मांडलें. त्यामुळें तंबोऱ्याची गोडी कांहीं कमी झाली नाहीं. लोक ज्यास गुण म्हणतात, तो फरक ओळखून दुरुस्त करण्याचा सराव आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. जो आकृति देईल, त्यानें आपल्या डबींतील व्होल्टचे आंकडेहि द्यावे. जो 'निवडलेले' ट्रान्झिस्टर म्हणून चढ्या भावानें विकतो, त्यानें वर्धनक्षमता आणि गळती, मोजतेवेळच्या तपमानासह, पुडीवर लिहावी. आणि ज्या घरांत मुलगा किंवा मुलगी अशा डबीशीं झगडत असेल, त्या घरच्या वडीलधाऱ्यांनीं सोल्डरच्या धुराबद्दल कुरकुर करण्याआधीं एक साधा मल्टिमीटर आणून द्यावा. हातगुण नाहीं म्हणून हिणविलेल्या हातांत मोजण्याचें साधन पडलें, तर निकाल देणाऱ्या मंडळींस दुसरा शब्द शोधावा लागेल.