हलवायाच्या घरावर पुन्हा तुळशीपत्र नको

जमीन डोळ्यांना दिसते, म्हणून तिच्यावरील अतिक्रमणही दिसते. आकाशातून धावणाऱ्या रेडिओ लहरी दिसत नाहीत. त्यामुळे त्यांची लूट झाली तरी आपले काही गेले, असे सामान्य नागरिकाला वाटत नाही. ‘स्पेक्ट्रम’ नावाच्या या संपत्तीचे दुर्दैव येथूनच सुरू होते. वस्तुतः ती कोणाची, हे सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजीच सांगून ठेवले आहे. बंगालच्या क्रिकेट संघटनेसंबंधीच्या खटल्यात या लहरी सार्वजनिक मालमत्ता असल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले. म्हणजेच शासन तिचे विश्वस्त आहे, धनी नव्हे.

या विश्वस्ताने पुढे काय केले? अर्ज स्वीकारण्याची १ ऑक्टोबर २००७ ही जाहीर मुदत मागे ओढून २५ सप्टेंबर करण्यात आली. १० जानेवारी २००८ रोजी ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ या गोंडस नावाखाली परवान्यांची खैरात झाली. दर मात्र २००१ सालचे! २००१ मध्ये देशात एक कोटीही मोबाइलधारक नव्हते. २००८ उजाडताना ती संख्या वीस कोटींच्या पुढे गेली होती. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे याहून निराळे काय असते? २०१० साली थ्री-जी लहरींचा लिलाव झाला, तेव्हा तिजोरीत सुमारे ६७,७०० कोटी रुपये आले. लहरींचे खरे मोल बाजारानेच सांगितले.

फौजदारी खटल्यातील सर्व आरोपींना विशेष न्यायालयाने २०१७ मध्ये निर्दोष मुक्त केले, हे खरे. परंतु हे वाटप मनमानी होते, हा सर्वोच्च न्यायालयाचा २ फेब्रुवारी २०१२ चा निष्कर्ष आणि रद्द झालेले १२२ परवाने त्यामुळे पुसले जात नाहीत.

उपग्रहांच्या क्षेत्रातही हेच घडले. अंतराळ विभागाच्या अँट्रिक्स कंपनीने जानेवारी २००५ मध्ये देवास या खासगी कंपनीशी करार केला आणि एस-बँडमधील ७० मेगाहर्ट्झ लहरी लिलावाविना देऊ केल्या. हा करार रद्द व्हायला २०११ साल उजाडावे लागले. पुढे जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फसवणुकीच्या कारणावरून देवास गुंडाळण्याचा आदेश कायम केला.

आता २०२३ च्या दूरसंचार कायद्याने उपग्रह सेवांसाठी लिलावाविना वाटपाचा मार्ग खुला केला आहे. त्यामागे तांत्रिक कारण आहे. जमिनीवरील मोबाइल जाळ्याला एका क्षेत्रात लहरींचा अनन्य अधिकार लागतो. उपग्रहांच्या बाबतीत तीच लहर परस्पर समन्वयाने अनेकांना वापरता येते. लिलाव हाच एकमेव मार्ग नव्हे, असे घटनापीठानेही सप्टेंबर २०१२ मध्ये म्हटले आहे. मात्र मार्ग कोणताही असो, तो न्याय्य आणि मनमानीपासून मुक्त असलाच पाहिजे, ही अट त्याच न्यायालयाची आहे. पहिले वाक्य तोंडपाठ करून दुसरे विसरणाऱ्यांपासून सावध राहिले पाहिजे.

ट्रायने मे २०२५ मध्ये समायोजित महसुलाच्या ४ टक्के आकाराची शिफारस केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांसाठी स्टारलिंकबरोबर आशयपत्र केले. दुर्गम पाड्यावरील शाळेला आणि आरोग्य केंद्राला जोडणारी सेवा हवीच, याबद्दल दुमत नाही. परंतु गडचिरोलीच्या वनवासी बांधवाचे नाव पुढे करून महानगरांतील श्रीमंत ग्राहकांचा बाजार स्वस्तात पदरात पडत नाही ना, हे कोणी पाहायचे?

लिलावात किंमत चारचौघांत ठरते. वाटपात ती शासकीय दालनात ठरते. म्हणूनच येथे दालनाची दारे उघडी हवीत. लहर कोणाला दिली, किती काळासाठी, कोणत्या दराने आणि कोणत्या कारणासाठी, हे प्रत्येक वेळी त्याच दिवशी जाहीर झाले पाहिजे. मुदतवाढ आपोआप मिळता कामा नये आणि दुर्गम भागाची हमी न पाळणाऱ्याकडून लहरी परत घेतल्या पाहिजेत. सत्तेवर कोणताही पक्ष असो, हा नियम सर्वांना सारखाच लागू हवा.

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. या राष्ट्राचे तोंड दोनदा पोळले आहे.